चिऊची शाळा दोनदा निवडली: अमळनेरच्या एका घराचं प्रकरण

या प्रकरणात दोन निर्णय आहेत. पहिला जानेवारी २०२३ चा, आणि तो चुकला. दुसरा त्याच वर्षी गणपती उठल्यानंतरचा. दोन्ही वेळी मला विचारलं गेलं होतं, आणि पहिल्या वेळी चुकीचा सल्ला माझाच होता. मी पारोळा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत १८ वर्षं शिकवते, त्यातली ११ वर्षं पहिलीचा वर्ग. मुलं पहिलीत कोणती शिदोरी घेऊन येतात ते मी रोज बघते. तरीही घरच्या लेकराची वेळ आली तेव्हा मी चार लोकांसारखाच विचार केला.

भाऊ अमळनेरला कृषी केंद्र चालवतो. वहिनी खाजगी दवाखान्यात नर्स. त्यांची मुलगी ऑगस्ट २०१९ ची, घरात सगळे तिला चिऊ म्हणतात. ती सात-आठ महिन्यांची होती तेव्हा कोरोनाची टाळेबंदी लागली. वहिनीची ड्युटी दवाखान्यात, म्हणून चिऊला गावी आजोबा-आजीकडे, म्हणजे आमचे आप्पा आणि माय यांच्याकडे ठेवलं. पहिले बोल ती मायच्या मांडीवर बोलली आणि ते अहिराणी, आमच्या खानदेशी बोलीतले होते. पुढे सगळे अमळनेरला एकत्र राहायला आले, तेव्हा ती आईशी मराठी आणि मायशी अहिराणी बोलायची, न अडखळता. मला ती 'फुई' म्हणते. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात.

प्रवेशाचा अर्ज घ्यायची वेळ आली त्या आठवड्यात मी तिथेच होते. ओट्यावर माय तुरीच्या शेंगा सोलत होती आणि चिऊ शेजारी बसून प्रत्येक शेंग उघडून बघत होती. मधेच ओरडली, "माय, या शेंगमा तीन दाना शेतस!" मायनं दुसरी शेंग पुढे केली, "मंग हाईमा?" चिऊनं एकेका दाण्यावर बोट ठेवलं. असं अर्धा तास चाललं. आत भाऊ मला विचारत होता, "ताई, इंग्लिश मीडियमची नर्सरी घेऊ का? एकदा तिथं शिरलं की दहावीपर्यंत बघायला नको." मी म्हणाले, घे. खोलीबाहेर काय चाललंय त्याकडे माझं लक्षच नव्हतं.

पहिले तीन महिने

शाळेत उघड दिसणारं वाईट काही नव्हतं. इमारत स्वच्छ, गाडी दारात येते, बाई प्रेमळ. वर्षाची फी २८ हजार, पुस्तकांचा संच वेगळा. एका वर्गात ३८ मुलं, एक बाई आणि एक मावशी. चिऊ तेव्हा तीन वर्षं दहा महिन्यांची होती. पहिल्या पंधरवड्यातच चाररेघी वही आली आणि रोज एक पान 'ए'. ठिपके जोडायचे, मग ठिपक्यांशिवाय. जुलैअखेरीस तोंडी परीक्षा, ऑगस्टमध्ये लेखी.

पालकसभेत सांगितलं गेलं की घरी शक्य तितकं इंग्लिश बोला, निदान मराठी तरी शुद्ध बोला. भावानं ते फारच मनावर घेतलं. घरी आल्यावर मायला म्हणाला, "आता चिऊसमोर अहिराणी नको, तिची गल्लत होते." माय काही बोलली नाही. तिला दुसरी भाषा नीट येत नाही, त्यामुळे ती चिऊशीच कमी बोलायला लागली. या घरात त्या वर्षी झालेलं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या मते हेच होतं, वहीपेक्षाही मोठं.

राखीला मी गेले तेव्हा चिऊ नुकतीच चार वर्षांची झाली होती. सकाळी पोट दुखतं म्हणायची, रविवारी कधीच नाही. वहिनीनं दवाखान्यात दाखवून झालं होतं, काही निघालं नव्हतं. मला तिनं वही दाखवली. पेन्सिल ती चार बोटांच्या मुठीत धरत होती आणि इतकी दाबत होती की पानाच्या मागे ठसा उठला होता. अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. 'ए'च्या दोन तिरप्या रेघा वर जुळत नव्हत्या, म्हणून तिनं त्या आधी खोडल्या होत्या, पुन्हा काढल्या होत्या, पुन्हा खोडल्या होत्या, आणि तिथं कागद फाटला होता. खाली लाल शाईत 'इम्प्रूव्ह'.

मग मी जरा खोलात गेले. "वन टू थ्री म्हण बरं." तिनं ट्वेंटीपर्यंत एका दमात म्हटलं. मी म्हटलं, "चिऊ, मला चार चिंचोके दे." तिनं मूठभर आणून दिले. सात महिन्यांपूर्वी याच मुलीनं तुरीच्या दाण्यांवर एकेक बोट ठेवून मोजलं होतं. मोजणं तिला येत होतं. शाळेतलं 'वन टू थ्री' हे तिच्यासाठी एक गाणं होतं, आणि त्या गाण्याचा आणि दाण्यांचा संबंध कुणी जोडून दिला नव्हता.

संध्याकाळी विचारलं, शाळेत कोणाशी बोलतेस? ती म्हणाली, "बोलायचं नसतं."

हात आणि अक्षर

हाताची गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. मुलांची रेघ एका ठरावीक क्रमानं वाढते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल जमतो. चौथ्याच्या सुमारास उभी-आडवी रेघ एकमेकींना छेद देणारी, म्हणजे अधिकचं चिन्ह. चौकोन साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचच्या पुढेमागे, शंकरपाळ्यासारखा तिरपा चौकोन त्याच्याही नंतर. तिरपी रेघ सगळ्यात उशिरा येते. इंग्रजीचं पहिलं अक्षर दोन तिरप्या रेघांचं आहे, आणि पावणेचार वर्षांच्या मुलीला आपण ते रोज पानभर काढायला लावत होतो. आपलं 'क' किंवा 'अ' घेतलं तरी सोपं नाही, त्यात वळणं आणि गाठी आहेत. मनगटातली बारीक हाडं या वयात अजून तयार होत असतात, बोटांत ताकद यायची असते. ती येते पीठ मळून, चिखल थापून, मणी ओवून, शेंगा सोलून. ते सोडून आपण थेट पेन्सिल देतो आणि मग म्हणतो पोरगी आळशी आहे.

भावाशी मी रात्री उशिरापर्यंत बोलले. त्याचे प्रश्न खरे होते, हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. "ताई, शेजारचा पोरगा ए टू झेड लिहितो. ही मागे पडली तर?" त्याला मी माझ्या वर्गातलं सांगितलं. पहिलीत दोन तऱ्हेची मुलं येतात. काहींना अक्षरं लिहिता येतात, पण गोष्ट सांगितली की शेवटी काय झालं ते सांगता येत नाही. काहींना एकही अक्षर येत नाही, पण बाजारात काल काय झालं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतात, वाट बघू शकतात, दप्तराची चेन स्वतः लावतात, 'कमळ'ला जुळणारा शब्द विचारला की 'धमळ' असं काहीतरी ठोकून देतात. ग, म, भ, न पासून सुरू केलं की ही दुसरी मुलं दिवाळीपर्यंत शब्द वाचायला लागतात. पहिली मुलं बऱ्याचदा अडकतात, कारण अक्षराच्या मागे बोलणंच नसतं.

त्याला पुरावा हवा होता, फक्त बहिणीचा अनुभव नको होता. केंद्र सरकारचं धोरणच आहे म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात स्पष्ट लिहिलंय की तीन ते सहा वयाला ठरावीक पाठ्यपुस्तक नको, आणि या टप्प्यावर परीक्षा हे मूल्यमापनाचं पूर्णपणे अयोग्य साधन आहे. २०२१ च्या निपुण भारत मोहिमेनं समजून वाचायला आणि साधं गणित यायला मुदत दिली आहे ती तिसरी संपेपर्यंत. म्हणजे देशाचं लक्ष्य आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी आहे, आणि आपण चार वर्षांच्या चिऊला नापासाची भीती घालतोय. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचायला शिकवलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकवलेली मुलं यांची तुलना झाली होती. अकराव्या वर्षापर्यंत दोघांचं वाचन सारखं झालेलं दिसलं. भाऊ यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे नुसतं खेळू द्यायचं?"

हा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर घरात बसून देता येत नव्हतं.

तीन जागा, तीन सकाळी

वहिनीनं तीन दिवस रात्रपाळी घेतली आणि सकाळी माझ्यासोबत आली. ठरवलं एकच: प्रत्येक ठिकाणी तासभर मागे बसायचं आणि मुलं किती वेळा बोलतात, त्यांना उत्तर कोण देतं, एवढंच मोजायचं. भिंतीवरची चित्रं, फीचं पत्रक, काही बघायचं नाही.

पहिली जागा नवं प्ले स्कूल. हिरवं गवताचं कार्पेट, चेंडूंचा हौद, घसरगुंडी, एसी. मला वाटलं होतं हेच योग्य असेल. तासभरात चाळीस मिनिटं मोठ्या टीव्हीवर इंग्रजी गाणी लागली होती. मुलं हौदात उड्या मारत होती, ताई काठावर मोबाईल बघत होत्या. एक मुलगा लाल चेंडू एका बाजूला आणि निळे दुसऱ्या बाजूला लावत होता, किती सुंदर काम होतं ते! पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, कुणी विचारलं नाही की तू हे कसं लावलंस. वहिनीच्या कागदावर मुलांच्या बोलण्याला मिळालेली उत्तरं होती दोन. दोन्ही 'बस खाली'. वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "ताई, इथं तर खेळही एकटाच आहे."

त्या सकाळी माझाही एक समज मोडला. खेळ आणि अभ्यास अशी दोन पारडी धरून आम्ही निघालो होतो. चाररेघी वहीच्या शाळेत आणि चेंडूंच्या हौदात चिऊसाठी कमतरता एकच होती: तिचं ऐकून तिला उलट काही विचारणारं मोठं माणूस.

दुसरी जागा गल्लीतली अंगणवाडी. सेविका चांगली होती, मुलांना नावानिशी ओळखायची. पण त्या तासात तिला वजनं घ्यायची होती, आहार वाटायचा होता, मोबाईलवर माहिती भरायची होती. गाणं एक झालं, तेही मनापासून. मला वाईट वाटलं, कारण 'अंगणवाडी' या शब्दामागे फार मोठं काम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. खडे, बिया, पानं, शिंपले हेच साधनसाहित्य. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. त्या सेविकेला दिवसाचे दोन तास फक्त मुलांसोबत मिळाले असते तर मी चिऊला तिथंच घातलं असतं.

तिसरी जागा जुन्या वाड्यात भरणारी बालवाडी. महिना ४०० रुपये. २२ मुलं, एक बाई, एक मदतनीस. अंगणात कडुनिंब, त्याखाली वाळूचा ढीग. बाई कावळा-चिमणीची गोष्ट सांगत होत्या आणि मधेच थांबून विचारत होत्या, "मग कावळ्याचं घर कशानं वाहून गेलं?" एक मुलगी अहिराणीत काहीतरी म्हणाली. बाईंनी तिला सुधारलं नाही. "हो ना, पाणी आलं मोठं, आणि शेणाचं घर गेलं वाहून," असं मराठीत म्हणून गोष्ट पुढे नेली. मुलीचं उत्तर तिच्या भाषेत घेतलं आणि शाळेच्या भाषेत परत दिलं. मी हे प्रशिक्षणात दहादा ऐकलेलं, प्रत्यक्षात इतक्या सहज फार कमी वेळा पाहिलंय. वहिनीनं मोजायचं सोडून दिलं होतं, कागदावर एवढ्या रेघा झाल्या होत्या.

उणिवाही होत्या. मुलांचं संडास एकच आणि त्याची कडी मोडकी. गाडी नाही. इंग्रजी जवळजवळ नाही. पाढे बाईही कोरसमध्येच म्हणून घ्यायच्या, तिथे त्या जुन्याच वळणाच्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पुढची पहिली नाही. एप्रिल २०२५ मध्ये चिऊला तिथून बाहेर पडून कुठेतरी नव्यानं उभं राहावं लागणार होतं.

दुसरा निर्णय

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी घरात बसून ठरलं. भावाचा जीव २८ हजारांत अडकला होता, ते परत मिळणार नव्हते आणि मिळालेही नाहीत. पहिलीच्या जागेची भीती तर होतीच. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाचणी घेता येत नाही. आणि अमळनेरसारख्या गावात पहिलीला चांगल्या शाळा एकापेक्षा जास्त आहेत, त्यात माझ्या शाळेसारख्या सरकारी शाळाही आल्या. भीती जाईल इतकं हे नव्हतं, पण निर्णय घेण्याइतकं होतं.

शेवटी वहिनी बोलली. ती एरवी आमच्या बहीणभावाच्या चर्चेत पडत नाही. "मला तिला सकाळी रडत सोडून ड्युटीवर जाणं जमत नाही." त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. भावानं मायकडे बघितलं आणि म्हणाला, "माय, तू बोल तिच्याशी, तुला जसं येतं तसं."

जुन्या शाळेत दाखला मागायला मी गेले होते. वर्गाच्या बाई दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, मलाही वही नको असते. पण वही कोरी दिसली की दुसऱ्या दिवशी पालक येतात." मी त्या पालकांमधलीच एक होते, जानेवारीत.

बालवाडीतलं दीड वर्ष

पहिले दोन आठवडे चिऊ तिथेही बोलली नाही. कडुनिंबाखाली बसून वाळू एका डब्यातून दुसऱ्यात ओतायची. बाईंनी तिला ओढून घेतलं नाही. शेजारी बसून स्वतःही ओतायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "माझा डबा भरला, पण तुझा नाही भरला. का बरं?" अकराव्या-बाराव्या दिवशी चिऊ म्हणाली, "तुना डबा धाकला शे." तिथून पुढे तिचं तोंड बंद झालं नाही. पोटदुखी दिवाळीनंतर कधी आठवली नाही.

घरी वहिनीनं एक सवय लावली. ड्युटी कोणतीही असो, रोज एक चित्रांचं पुस्तक, पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक पानावर एक प्रश्न. इंग्रजीसाठी भावानं वेगळी शिकवणी लावली नाही. दुकानातल्या पोत्यांवरची इंग्रजी नावं तो तिला वाचून दाखवायचा, तेवढंच. संडासाची कडी आणि दार पालकांनी वर्गणी काढून बसवून घेतलं.

२०२४ च्या जूनमधली एक दुपार सांगते. पेरण्या सुरू होत्या, भावाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बालवाडीत मुलांनी अंगणात कृषी केंद्र मांडलं होतं. विटा म्हणजे पोती, झाडाची पानं म्हणजे नोटा. चिऊ गल्ल्यावर. एक मुलगा दहा पानं घेऊन आला. तिनं एकेक पान बाजूला ठेवत मोजलं, नऊच निघाली. "एक कमी शे. पैसा आन." तो पान आणायला गेला, तोवर दुसरा आला. त्याला म्हणाली, "युरिया सरी गया, सोमवारले ये." मग कागदाच्या तुकड्यावर तिनं बिल केलं. वरून खाली नागमोडी ओळी, मधे एक गोल, आणि शेवटी उलट्या तोंडाचा '२'. ते तिनं वाचूनही दाखवलं. लिहिलेल्या खुणेला अर्थ असतो, ती वरून खाली जाते, दुसरा ती वाचू शकतो, हे सगळं त्या चिटोऱ्यात होतं. आकडा उलटा काढणं सहा-सात वर्षांपर्यंत चालायचंच. चिटोरा मी जपून ठेवला आहे. फाटलेली चाररेघी वहीही त्याच फाइलमध्ये आहे, दोन्हींत दहा महिन्यांचं अंतर.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. शेजारचा मुलगा तोवर इंग्रजी वाक्यं वाचायला लागला होता आणि भावाला ते टोचायचं. एका लग्नात कुणीतरी चिऊला 'स्पेलिंग सांग' म्हटलं आणि तिला आलं नाही, तेव्हा त्यानं मला रात्री फोन केला. मी दुसरं काही बोलले नाही, फक्त म्हटलं, तिला विचार लग्नात काय काय झालं. तिनं वीस मिनिटं सांगितलं, मांडवापासून वरातीपर्यंत, आणि आचाऱ्यानं खापरावर मांडे कसे टाकले ते हात पसरून दाखवलं. पाचवं सरत आलं तसं मी तिला ग, म, भ, न दाखवले. पेन्सिल आता तीन बोटांत बसत होती. मार्चपर्यंत ती 'नभ', 'मन', 'गमभन' हे स्वतःहून लिहायला लागली, वाकडं, मोठं, ओळ सोडून.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिलीचा अर्ज भरायला आम्ही बसलो. शाळा सेमी-इंग्रजी, घरापासून चालत दहा मिनिटांवर. भाऊ पेन घेऊन एकेक रकाना भरत होता, शेजारी चिऊ मायला अर्जावरची अक्षरं शोधून दाखवत होती. पूर्वीच्या शाळेच्या जागी त्यानं बालवाडीचं नाव लिहिलं. मातृभाषेच्या रकान्यापाशी थांबला. तिथे 'मराठी' लिहिलं, जरा वेळ पेन तसंच धरून राहिला, आणि मग पुढे स्वल्पविराम देऊन 'अहिराणी' लिहिलं.